किल्ली हरवलेलं वाचनालय

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून, ओटा पुसून मी जरा आडवी झाले होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर कुणीतरी एक कादंबरी टाकली होती. अख्खी कादंबरी! साडेतीनशे पानांची पीडीएफ. दुकानात घ्यायला गेलं तर चारशे रुपये. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! लगेच भिशीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, कॉलेजच्या मैत्रिणींचा ग्रुप, सगळीकडे पाठवून मोकळी झाले. ज्ञानदानाचं पुण्यच पदरात पडलं, असं वाटलं.

संध्याकाळी फोन आला. आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत, त्या स्वतः लिहितात. म्हणाल्या, ‘‘अगं, तू जी कादंबरी पाठवलीस ना, ती माझ्या मैत्रिणीची आहे. तीन वर्षं घालवली तिनं त्यात. पहिल्या आवृत्तीतल्या निम्म्या प्रती अजून प्रकाशकाकडे पडून आहेत, आणि तुमच्या ग्रुपांवर ती फुकट फिरतेय.’’ मी गप्प. काय बोलणार? कुणाच्या झाडाचे आंबे तोडून गावभर वाटायचे आणि वर स्वतःला दानशूर म्हणवायचं, अशातली गत झाली माझी.

रात्री सगळ्या ग्रुपवर माफी मागितली, फाइल काढून टाका म्हणून विनंती केली. विषय संपला असं वाटलं. पण पुढच्या बैठकीला आमच्या गटातली एक जण माझ्याशेजारी येऊन बसली. बाजारात भाजी विकते, शिक्षण दहावीपर्यंत. हळूच म्हणाली, ‘‘वहिनी, ते पुस्तक पुसाया लावलंत होय? माझं निम्मंच झालं होतं.’’

तिच्या घरात एकच चांगला मोबाइल, तोही मुलाचा. तो झोपला की रात्री अकरानंतर ती वाचत होती. चार रात्रीत एकशेचाळीस पानं! चारशे रुपये म्हणजे तिची दोन दिवसांची कमाई. ती पुस्तक विकत घेणार नाही, हे मला माहीत आणि तिलाही माहीत. मग चूक कुणाची? लिहिणारीचे कष्ट खरे आणि हिची वाचायची भूकही खरी. दोघींचं भागेल असा काही मार्ग असतो का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलाय. शोधायला लागले तेव्हा कळलं, की ही गाठ आपल्या तालुक्याची नाहीच. निम्म्या जगाची आहे.

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात ग्वायाकिल नावाचं शहर आहे. तिथल्या मुलींच्या अनाथाश्रमात डेव्हिड रिशर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ आपल्या बायकामुलांसह काही दिवस सेवेसाठी गेले होते. हे गृहस्थ पूर्वी ॲमेझॉन कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. आश्रमात फिरताना त्यांना एक इमारत दिसली, दाराला भलंमोठं कुलूप. चौकशी केली, तर आश्रमाच्या बाई म्हणाल्या, ते आमचं वाचनालय. पुस्तकं परदेशातून बोटीनं यायला खूप वेळ लागतो, आलेली मुलींना आवडत नाहीत, त्यामुळे कुणी तिकडे जात नाही. उघडून दाखवता का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, किल्ली बहुतेक हरवली आहे!

हे वाचलं आणि मला आमचं वाचनालय आठवलं. आमच्याकडे किल्ली हरवलेली नाही. वाचनालय रोज नियमानं उघडतं, संध्याकाळी पाच ते सात. म्हणजे बरोबर पोरं शाळेतून यायची, देवापुढे दिवा लावायचा आणि कणीक मळायची वेळ. या वेळेला कुठली बाई घर सोडून एसटी स्टँडामागे पुस्तक बदलायला जाईल? तिथे पेपर वाचत बसलेले सगळे पुरुष. ग्रंथपालांचा यात काही दोष आहे असं मी म्हणत नाही. सरकारी अनुदान किती आणि कसं येतं, हे ज्यांनी वाचनालय चालवलंय त्यांनाच ठाऊक. पण आम्हा बायकांपुरतं ते कुलूपबंदच की!

तर, या रिशर यांनी स्पेनमध्ये राहणाऱ्या कॉलिन मॅकेल्वी यांच्या साथीनं २०१० साली ‘वर्ल्डरीडर’ ही संस्था सुरू केली. सुरुवात झाली आफ्रिकेतल्या घाना देशातल्या शाळांपासून. कल्पना साधी. बोटीनं पेट्या पाठवण्याऐवजी मुलांच्या हातात पाटीएवढं ई-बुक वाचायचं यंत्र द्यायचं, त्यात शेकडो पुस्तकं. एका पाटीत अख्खं कपाट! मुलं खूश झाली, पण व्हायचं तेच झालं. यंत्रं पडली, दबली, पडदे फुटले. सुरुवातीच्या प्रयोगात इतकी यंत्रं मोडली, की मजबूत करण्यासाठी वेगळे उपाय करावे लागले. पुन्हा ती यंत्रं तिथल्या पालकाला कुठून परवडणार? त्यांना एक गोष्ट लक्षात आली, की नवं यंत्र कशाला, मोबाइल तर घरोघरी पोचलेलाच आहे. त्याच सुमाराला संयुक्त राष्ट्रांचा एक आकडा फार गाजला होता, तुम्हीही वाचला असेल. जगातल्या सातशे कोटी लोकांपैकी सहाशे कोटींना मोबाइल वापरायला मिळतो, संडास मात्र साडेचारशे कोटींनाच. हागणदारीमुक्तीच्या कामासाठी वस्तीवस्तीतून फिरलेल्या माझ्यासारखीला तो आकडा खोटा वाटणं शक्यच नव्हतं.

२०१२ मध्ये त्यांनी साध्या, बटणांच्या मोबाइलवरसुद्धा पुस्तक वाचता येईल अशी सोय केली. छोटासा पडदा, त्यावर मावतील तेवढ्याच ओळी, आणि खर्च अगदी नगण्य.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतेय ते ऐका. मोबाइलवर अशी पुस्तकं कोण वाचतं, हे पाहण्यासाठी युनेस्कोनं एक पाहणी केली. सात देश होते, त्यांत इथिओपिया, घाना, नायजेरिया, झिंबाब्वे, पाकिस्तान आणि आपला भारतही. चार हजारांवर वाचकांनी प्रश्नांची उत्तरं दिली. २०१४ च्या जागतिक ग्रंथदिनाला, म्हणजे २३ एप्रिलला, तो अहवाल बाहेर आला. त्यात दिसलं, की मोबाइलवर वाचणाऱ्यांत ७७ टक्के पुरुष. यात नवल काही नाही, मोबाइल त्यांच्याच खिशात असतो. पण वाचायला किती वेळ देतात हे पाहिलं, तर पुरुष महिन्याला सरासरी ३३ मिनिटं आणि बायका २०७ मिनिटं! सहापटीहून जास्त.

माझ्या डोळ्यांपुढे आमची भाजीवाली उभी राहिली. मुलगा झोपल्यावर मोबाइलच्या उजेडात वाचणारी. तशाच कितीतरी जणी लागोसमध्ये, नैरोबीत, लाहोरमध्ये अंथरुणात बसून वाचत असतील. संख्येनं कमी, पण एकदा हातात आलं की सोडायचं नाव नाही. ‘बायकांना वाचायची आवडच नसते हो, त्यांना मालिका पुरे,’ असं सभासमारंभात ऐकवणाऱ्यांना हा आकडा कुणीतरी फ्रेम करून द्यायला हवा.

त्याच पाहणीत आणखी एक कळलं. तिघांतला एक जण मोबाइलवरची गोष्ट लहान मुलांना वाचून दाखवत होता. म्हणजे एका पडद्यावर दोन वाचक. आणि काय अडचण येते, असं विचारल्यावर बहुतेकांनी पैशांचं किंवा नेटवर्कचं नाव पहिलं घेतलं नाही. ते म्हणाले, आम्हाला हवी तशी पुस्तकंच पुरेशी नाहीत.

इथे जरा थांबून आपल्याकडे बघू या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २१ या काळात झाली. तिच्यानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. कधीतरी इंटरनेट वापरलं आहे असं सांगणाऱ्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. २०१६ च्या शेवटी डेटा एकदम स्वस्त झाला तेव्हा वाटलं होतं, आता सगळं खुलं होणार. स्वस्त झाला खरा. पण रिचार्ज कुणाच्या मोबाइलचं आधी होतं? आमच्या गटात विचारलं, तर पहिलं मुलाचं, मग नवऱ्याचं, उरलं तर हिचं. ‘तुला कुठं काय बघायचंय?’ हे ठरलेलं वाक्य. पुस्तक फुकट असलं तरी ज्या वस्तूवर ते वाचायचं ती दुसऱ्याची असेल, तर परवडण्याचा हिशोब नुसत्या रुपयांत करून भागत नाही.

गंमत अशी, की डेटा खातं ते वाचन नव्हे. चित्रं नसलेली एक आख्खी कादंबरी ई-बुकच्या रूपात साधारण एक-दोन एमबीत बसते. सकाळी उठल्यावर येणारा शुभेच्छांचा एक व्हिडिओ याच्यापेक्षा जास्त खातो! मग आमच्याकडे आलेली ती पीडीएफ ऐंशी एमबीची का होती? कारण कुणीतरी पुस्तकाच्या पानापानाचे फोटो काढले होते. अशी फाइल लहान पडद्यावर वाचताना ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं, अक्षर मोठं केलं की अर्धी ओळ बाहेर. चाळिशी लागलेल्या माझ्यासारखीचं डोकं उठतं. खऱ्या ई-बुकमध्ये, ज्याला ‘ईपब’ म्हणतात, अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप जुळून येतात. माझ्या सत्तरीच्या सासूबाई चष्मा न लावता वाचतात, हे मी पाहिलंय.

मग मराठी पुस्तकं अशी भराभर का होत नाहीत, असं मी त्या लिहिणाऱ्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जुनी पुस्तकं ज्या फाँटमध्ये जुळवलेली आहेत ते युनिकोड नव्हते. ती फाइल नव्या पद्धतीत आणायला गेलं की जोडाक्षरं तुटतात, रफार भलतीकडे जातो, वेलांट्या पळतात. ते सगळं माणसानं बसून दुरुस्त करायचं म्हणजे पुन्हा मुद्रितशोधन आलं, त्याचे पैसे आले. इंग्रजीला हा त्रास नाही. आणि खपणार किती? किंडलवर मराठी पुस्तकं यायला लागली तीच मुळी २०१६ च्या डिसेंबरात.

किमतीचं म्हणाल, तर कागद नाही, छपाई नाही, टपालखर्च नाही, तर पुस्तक जवळजवळ फुकट मिळायला हवं, असं मलाही वाटायचं. पण लेखिकेचं मानधन, भाषांतर, संपादन, मुखपृष्ठ हे खर्च तसेच राहतात की. त्यात कराचं कोडं वेगळंच. छापील पुस्तकावर आपल्याकडे जीएसटी नाही. ई-बुकवर मात्र २०१७ मध्ये १८ टक्के लागला होता. २०१८ च्या जुलैपासून तो ५ टक्क्यांवर आणला, तोही त्याच पुस्तकाची छापील प्रत असेल तरच. कागदावरचं पुस्तक ते पुस्तक आणि पडद्यावरचं पुस्तक म्हणजे चैन, असा काहीसा हा हिशोब. मला तरी पटत नाही.

आणखी एक मेख आहे, ती बायकांनी तर ओळखायलाच हवी. आपण पुस्तक विकत घेतलं, की ते जावेकडे जातं, तिच्याकडून बहिणीकडे, तिथून शेजारणीकडे. एका पुस्तकावर पाच घरं वाचतात. विकत घेतलेलं ई-बुक मात्र बहुतेक वेळा असं देता येत नाही. पैसे मोजून आपण फक्त वाचायची परवानगी घेतलेली असते. २००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ॲमेझॉननं काही वाचकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी परस्पर काढून घेतली होती. ज्यानं ती विक्रीला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून. पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण कपाटातलं पुस्तक दुकानदार रात्री येऊन घेऊन गेला, असं कधी ऐकलंय? गरीब देशांत, जिथे एक प्रत दहा हातांत फिरते, तिथे ‘एका माणसाला एक प्रत’ हा नियम चालायचाच नाही.

म्हणून मला पुण्यामुंबईच्या झगमगीत ॲपपेक्षा दुसऱ्या वाटेचं फार कौतुक वाटतं. बंगळूरूच्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेनं ८ सप्टेंबर २०१५ ला, साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. त्यावरच्या मुलांच्या गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत. म्हणजे लेखकाचं, चित्रकाराचं नाव ठेवून कुणीही त्या उतरवून घ्याव्या, छापाव्या, आपल्या भाषेत आणाव्या, परवानगीची वाट बघायला नको. लिहिणाऱ्यांचा मोबदला संस्था देणग्यांच्या आधारे आधीच देते, त्यामुळे वाचणाऱ्यानं फुकट वाचलं तरी कुणाच्या कष्टांवर डल्ला पडत नाही. आज तिथे तीनशेहून जास्त भाषांत गोष्टी आहेत, मराठीतही पुष्कळ. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘साइडे’ संस्थेनं केनिया, युगांडा आणि आपल्या देशातल्या शिक्षकांना, ग्रंथपालांना हाताशी धरून ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ उभं केलं, त्यातल्या गोष्टीही इकडे आल्या. आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी एकदा अशीच एक आफ्रिकेची गोष्ट वाचून दाखवली. त्यातली आजी डोक्यावर पाटी घेऊन बाजारात चाललेली पाहून एक चिमुरडी ओरडली, ‘‘ही तर माझी आजी!’’

मोठ्यांसाठीही असे प्रयत्न झालेत. दक्षिण आफ्रिकेतच ‘फंडझा’ नावाच्या संस्थेनं २०११ पासून तरुण मुलामुलींसाठी मोबाइलवर कादंबऱ्या द्यायला सुरुवात केली, रोज एक प्रकरण. पुढचं प्रकरण उद्या! मालिकेसारखी चटक लागते आणि एका वेळी वाचायचं ओझंही होत नाही. आपल्याकडे मासिकांतून क्रमशः कादंबऱ्या यायच्या, आई पुढच्या अंकाची वाट बघत बसायची, ते आठवलं.

आता आपल्या भाषेत सरळ मार्गानं काय मिळतं, ते मी गटासाठी शोधून ठेवलं. तुम्हालाही उपयोगी पडेल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतात. मराठी विश्वकोश अख्खा वाचायला खुला आहे, बालभारतीची पाठ्यपुस्तकंसुद्धा. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ कितीतरी वर्षं लेखकांच्या संमतीनं मराठी ई-पुस्तकं फुकट वाचकांना देतंय. शिवाय आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तकाचे हक्क संपतात. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, साने गुरुजी १९५० साली. म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘श्यामची आई’ कुणी ग्रुपवर पाठवलं तर बिनधास्त वाचा आणि पुढे पाठवा. फक्त नव्या आवृत्तीतली कुणाची प्रस्तावना किंवा टिपा त्यात असतील, तर ती वेगळी गोष्ट.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठीही एक चांगलं काम झालंय, ते थोडक्यात सांगते. अंधांसाठी पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ऐकण्याच्या रूपात करायला हक्कांची अडकाठी येऊ नये, म्हणून २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश आपला, २०१४ मध्ये. पुढे २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झालं. घरात, शेजारी कुणी दृष्टिहीन मुलगा-मुलगी शिकत असेल, तर त्यांच्या कानावर हे नाव जरूर घाला.

आमच्या गटात पुढे काय झालं? शोधलं, तर त्या कादंबरीचं ई-बुक निघालेलंच नव्हतं. मग प्रत्येकीनं वीस-वीस रुपये काढले आणि प्रकाशकाकडून छापील प्रत मागवली. पहिला नंबर अर्थात भाजीवालीचा. पुस्तक हातात घेऊन तिनं आधी पान १४१ उघडलं. ‘‘इथंच होते मी,’’ म्हणाली. ताईंनी ही गोष्ट त्या लेखिकेच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी आपणहून फोन केला. भाजीवालीशी दहा मिनिटं बोलल्या. मला मात्र एवढंच म्हणाल्या, ‘‘तुमचा राग आला होता हं मला.’’ बरोबरच होतं त्यांचं.

दर गुरुवारी दुपारी बैठकीनंतर अर्धा तास आम्ही मोबाइलवर वाचतो. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्या शेजारणीच्या पडद्यात डोकावतात, नाहीतर एकीनं मोठ्यानं वाचायचं. सध्या लक्ष्मीबाई चालू आहेत, हसून हसून मुरकुंडी वळते. आणि वाचनालयाकडे आम्ही बावीस जणींच्या सह्यांचा अर्ज दिलाय, आठवड्यातून दोन दिवस दुपारी दोन ते चार दार उघडं ठेवा म्हणून. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. आमच्यातल्या दोघी तिथे जाऊन बसणार आहेत.